परावलंबी देहाची प्रतिष्ठा

ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सने २० जून २०२५ रोजी ३१४ विरुद्ध २९१ मतांनी एक विधेयक संमत केले. सहा महिन्यांच्या आत मृत्यू अपेक्षित असलेल्या इंग्लंड व वेल्समधील प्रौढ रुग्णांना डॉक्टरांच्या साहाय्याने स्वतःचे जीवन संपविता यावे, ही त्यातील मुख्य तरतूद. कॅनडाने हा मार्ग २०१६ मध्येच खुला केला आणि २०२१ मध्ये मृत्यू समीप असण्याची अटही काढून टाकली. २०२३ साली त्या देशातील दर शंभर मृत्यूंपैकी जवळजवळ पाच याच मार्गाने झाले. या साऱ्या वादात एक गोष्ट लक्ष वेधून घेते. कायद्याचे समर्थक आणि विरोधक, दोघेही एकाच शब्दाचा आधार घेतात. तो शब्द म्हणजे मानवी प्रतिष्ठा.

समर्थकांच्या लेखी प्रतिष्ठा म्हणजे स्वतःच्या आयुष्यावरील ताबा. जो आपले निर्णय आपण घेतो, आपला भार दुसऱ्यावर टाकत नाही, तो सन्मानाने जगतो. म्हणून हा ताबा सुटू लागला की जगण्यातील अर्थही ओसरतो. आधुनिक शहरी मनाला हा विचार जवळचा वाटतो, कारण त्याचे सारे मूल्यमापन कर्तृत्वावर उभे असते. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशीच अनेकांना आपण निरुपयोगी झालो असे वाटू लागते, ते उगाच नव्हे.

ख्रिस्ती विचार नेमका याच ठिकाणी अडून बसतो. माणसाचे मोल त्याने कमावलेले नसते, ते त्याला दिलेले असते, अशी त्याची भूमिका आहे. एप्रिल २०२४ मध्ये व्हॅटिकनने मानवी प्रतिष्ठेवर एक घोषणापत्र प्रसिद्ध केले. त्याच्या शीर्षकातील ‘अनंत प्रतिष्ठा’ ही कल्पना पोप जॉन पॉल द्वितीय यांनी १९८० साली जर्मनीत अपंगांसमोर बोलताना मांडली होती, हा तपशील बोलका आहे. माणसाचे आचरण, त्याची परिस्थिती, जीवनाविषयी त्याला वाटणारे समाधान यांत चढउतार होतील. माणूस असण्यातील प्रतिष्ठा मात्र घटत नाही, असा भेद हे पत्र करते. ज्या धर्माच्या केंद्रस्थानी क्रूसावर खिळलेला, स्वतःचा हातही हलवू न शकणारा देह आहे, त्याने परावलंबनाला अपमान मानू नये, हे सुसंगतच म्हटले पाहिजे.

तथापि वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णाला हे तत्त्वज्ञान ऐकविणे क्रूरपणाचे ठरू शकते. दुःखाचे उदात्तीकरण करण्याचा मोह धर्मोपदेशकांना वारंवार झाला आहे. कँटरबरीचे माजी आर्चबिशप जॉर्ज कॅरी यांनी २०१४ मध्ये आपली पूर्वीची भूमिका सोडून साहाय्यित मृत्यूला पाठिंबा दिला, तोही ख्रिस्ती करुणेचाच दाखला देऊन. भारतीय परंपरेत तर कृतार्थ आयुष्याच्या अखेरीस अन्नत्याग करणे निंद्य मानले गेलेले नाही. १९८२ मध्ये पवनारला विनोबांनी अन्न आणि औषध नाकारले, तेव्हा महाराष्ट्राने त्यांच्यापुढे मान झुकविली. कॅथलिक चर्चही हट्टाने श्वास लांबवीत राहा असे सांगत नाही. वेदनाशामकांनी आयुष्य काहीसे घटले तरी ती द्यावीत आणि असाधारण उपचार बंधनकारक नाहीत, हे पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्येच स्पष्ट केले होते.

युक्तिवादाहून प्रभावी उत्तर लंडनमधील एका स्त्रीने दिले. सिसिली साँडर्स या आधी परिचारिका, मग सामाजिक कार्यकर्त्या आणि पुढे डॉक्टर झाल्या. वॉर्सातून आलेला डेव्हिड तास्मा नावाचा ज्यू निर्वासित १९४८ साली कर्करोगाने मरत होता. आपण जगलो त्याची खूणही मागे राहणार नाही, ही त्याची व्यथा होती. साँडर्स यांच्या मनातील रुग्णालयाच्या खिडकीसाठी त्याने पाचशे पौंड ठेवले. त्या खिडकीभोवती इमारत उभी राहण्यास एकोणीस वर्षे लागली. १९६७ मध्ये सुरू झालेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसमध्ये वेदना उफाळण्यापूर्वीच ठरावीक वेळी मॉर्फिन दिले जाई आणि शरीराच्या दुखण्याबरोबर एकटेपणा, घरची चिंता, अर्थशून्यतेची भीती यांवरही उपचार व्हायचे. साँडर्स निष्ठावान ख्रिस्ती होत्या. त्यांच्या दारात मात्र कोणाला श्रद्धा विचारली जात नसे.

त्या विचाराची भारतातील पहिली वास्तू १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे उभी राहिली. ‘शांती अवेदना सदन’मध्ये जोगिणी अखेरच्या अवस्थेतील कर्करुग्णांची शुश्रूषा करतात. परंतु अशा सेवेवर चर्चने एकाधिकार सांगू नये. याच शहरात केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी १९७३ पासून २०१५ पर्यंत आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना सांभाळले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निष्क्रिय दयामरणाचा मार्ग तत्त्वतः मोकळा केला, पण अरुणा यांच्याबाबत निर्णयाचा अधिकार त्यांचे निकटचे म्हणून याच कर्मचाऱ्यांचा मानला. आणि त्यांना तो मार्ग नको होता. एवढ्यासाठी त्यांना कोणत्या घोषणापत्राची गरज भासली नाही. ख्रिस्ती दाव्याला याहून मोठा पुरावा मिळणे कठीण. आणि तो केवळ ख्रिस्ती नाही, हेही त्यातूनच दिसते.

आता प्रश्न उरतो तो खर्चाचा. हॉस्पिसची कल्पना जिथे जन्मली त्या ब्रिटनमध्ये या संस्थांच्या खर्चाचा सरासरी एक तृतीयांश भागच सरकारकडून येतो. उरलेला देणग्यांतून, मृत्युपत्रांतील दानातून आणि जुने कपडे विकणाऱ्या दुकानांतून जमवावा लागतो. शुश्रूषा अशी वर्गणीवर चालत असताना घरच्यांना ओझे होऊ नये म्हणून एखाद्या वृद्धेने मरणाचा अर्ज भरला, तर तिचा तो निर्णय कितपत स्वतंत्र म्हणायचा, याचे उत्तर कायद्याच्या समर्थकांना द्यावे लागेल. आणि तिच्या उशाशी रात्री कोण बसणार, याचे विरोधकांना.