संगणकाशी गट्टी : जुन्या चेसीवर नवी बॉडी

मेहकरच्या किंवा चिखलीच्या स्टँडवर एसटी पाहताना एक गोष्ट कधी मनात आली का? इंजिन, चाकं आणि सांगाडा, म्हणजे चेसी, कंपनीकडून येते. तिच्यावर बॉडी चढवायचं काम महामंडळाने वर्षानुवर्षं दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या आपल्या कार्यशाळांत केलं.

लिनक्सचं तसंच आहे बरं का! लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली, हेलसिंकीत शिकत असताना, चेसी बनवली. पण नुसत्या चेसीवर प्रवासी बसणार कुठे? पडद्यावरच्या खिडक्या, मेनू, घड्याळ ही झाली बॉडी. तिला डेस्कटॉप म्हणतात. केडीई, ग्नोम, एक्सएफसीई अशा कितीतरी बॉड्या आहेत, आणि सगळ्या फुकट!

आज पाहू या केडीईची ‘प्लाझ्मा ६’. ती २८ फेब्रुवारी २०२४ रोजी आली. केडीईची सुरुवात मात्र जुनी. माथियास एट्रिच नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने १४ ऑक्टोबर १९९६ रोजी या कामासाठी सोबती मागितले. योगायोग पाहा, बरोबर २९ वर्षांनी, १४ ऑक्टोबर २०२५ला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. तेव्हापासून घरोघरची धडधाकट यंत्रं ‘जुनी झाली’ म्हणून कापडाखाली झाकली जाताहेत. तुमच्याही घरी असं एखादं आहे? मग पुढचं नीट वाचा.

आई-बाबांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही. त्या यंत्रात ताईच्या लग्नाचे फोटो असतील, दुकानाचा हिशेब असेल. आधी त्याची प्रत दुसरीकडे ठेवा. मग ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार, हे लक्षात असू द्या. केडीई असलेलं लिनक्स त्यावर उतरवून घ्या आणि संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. याला ‘लाइव्ह’ चालवणं म्हणतात. ‘इन्स्टॉल’चं बटण दिसेल, त्याला हात लावायचा नाही! म्हणजे आतली डिस्क जशीच्या तशी राहते. यंत्र बंद करून पेनड्राइव्ह काढला की पूर्वीचाच संगणक हजर. एखाद्या यंत्रावर वाय-फाय चालत नाही. ते आधीच कळलेलं बरं. ४ जीबी रॅम असेल तर प्लाझ्मा चालेल. २ जीबीवाल्यांनी एक्सएफसीई घ्यावी. ती अंगाने हलकी आहे आणि तिचं चिन्ह आहे उंदीर.

नवीन काय? खालची पट्टी आता काठाला न चिकटता तरंगते. खिडक्या घनाच्या बाजूंवर फिरवणारा जुना खेळ परत आलाय. मजेचा आहे, पण दहा मिनिटांत कंटाळा येतो. मला खरं आवडलं ते वेगळंच. पूर्वी केडीईत एका टिचकीत फाइल उघडायची आणि विंडोजवरून आलेला माणूस गोंधळायचा. आता सुरुवातीपासूनच दोन टिचक्या लागतात. आजोबांनाही जमेल.

आता मराठी. कळफलकाच्या यादीतून मराठी इनस्क्रिप्ट निवडा. यात स्वरांच्या खुणा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. एन, ए, शिफ्ट-सी, ई, जे अशी बटणं दाबा बघू! उमटलं ना ‘लोणार’? मग केडीईचाच ‘मार्बल’ नावाचा पृथ्वीगोल मिळवा आणि सुमारे २० अंश उत्तर, ७६.५ अंश पूर्व इथे आपलं उल्केने पाडलेलं सरोवर शोधा.

एक गोष्ट मात्र खटकते. मेनू मराठीत केले तरी काही ओळी मराठी, काही इंग्रजी, अशी खिचडी दिसते. हे भाषांतर कुठल्या कंपनीचे नोकर करत नाहीत, तुमच्या-माझ्यासारखे हौशी लोक करतात. मराठीत ते हात कमी पडलेत. आठवी-नववीतल्या मुलांना जमण्यासारखं आहे हे, कारण एकेक ओळ छोटी असते; अवघड असतो तो योग्य शब्द शोधणं.

तर हा घ्या गृहपाठ. ती तरंगणारी पट्टी आहे ना, तिला इंग्रजीत ‘पॅनल’ म्हणतात. तुमच्या घरी तिला काय म्हणाल? फळी? पाटी? की आणखी काही? आजीलाही विचारा आणि पोस्टकार्डावर कळवा.