रक्ताचा अहवाल आणि ताटातील मासा

मुलाला मासे बाधतात असा संशय येताच रक्त तपासावे आणि अहवालात आकडा दिसला की मासा घरातून कायमचा हद्दपार करावा, अशी रीत आपल्या काही कुटुंबांत रूढ होऊ पाहत आहे. ही रीत आम्हांस मान्य नाही.

डेव्हिड राहाबींनी रांधावयास दिलेल्या माशांतून पर व खवले नसलेले मासे आपल्या स्त्रियांनी वेगळे काढले आणि त्यावरून त्यांस आपली ओळख पटली, असे परंपरा सांगते. अशा समाजातील मुलाच्या ताटातून मासा काढून घ्यावयाचा, तर त्यास भक्कम आधार हवा.

या तपासणीत मोजले जाते ते आयजीई नावाचे प्रतिपिंड. माशातील प्रथिनाविरुद्ध शरीराने ते निर्माण केले आहे काय, एवढेच अहवाल सांगतो. आकडा ०.३५ च्या वर जाऊनही मासा सुखाने पचविणारी माणसे असतात. उलट आकडा अल्प असूनही एखाद्याचा घसा सुजतो. शिवाय ही तपासणी पुष्कळदा कॉड माशावर केलेली असते, आणि आपण खातो सुरमई, कार्प! म्हणून कोणता मासा खाल्ला, किती वेळाने काय झाले, ही हकीकत डॉक्टरांना आधी सांगावी. शिळ्या बांगड्यात वा टूनात हिस्टामीन साचल्यानेही अंग लाल होते, पित्त उठते. ती ॲलर्जी नव्हे. शंका उरल्यास रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडथोडा मासा खाऊ घालून निर्णय करतात.

घरी मात्र हा प्रयोग कोणीही करू नये. ‘आमच्या वेळी असले काही नव्हते’ म्हणत आजीबाईंनी आमटीचा घास भरविणे तर फारच धोक्याचे, कारण ॲलर्जीस कारण होणारे मुख्य प्रथिन शिजवूनही टिकते.

खासगी प्रयोगशाळांतून पुष्कळ पदार्थांची एकदम होणारी आयजीजी तपासणीही विकली जाते. अन्नाच्या ॲलर्जीच्या निदानासाठी आयजीजी-४ तपासू नये, असे युरोपीय ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच सांगितले आहे. त्यावर पैसे घालविण्यापेक्षा कुपत खोलीमच्या डॉक्टरांकडून ॲलर्जीतज्ज्ञांकडे जाण्याची चिठ्ठी घ्यावी.

ज्यांस खरोखरीच तीव्र ॲलर्जी आहे, त्यांनी ॲड्रेनलिनचे इंजेक्शन सदैव जवळ बाळगावे, श्वास कोंडू लागताच ते टोचावे आणि १०१ वर मागेन दाविद आदोमला बोलवावे. आणि लग्नघरी अशा मुलाच्या आईने ‘बटाटे माशाच्याच तेलात तळले काय?’ असे विचारले, तर यजमानांनी राग मानू नये.