दरखास्त आणि दाखल नोंद

सरकारदरबारी दरखास्त करण्याचा जो उपजत संकोच मराठवाड्यातील माणसाला वाटतो, त्याचे मूळ मला आपल्या पूर्वेतिहासात दिसते. कारण ज्या मुलखात निजामी अमदानीत 'गश्ती निशाण 53' या हुकमान्वये साधी सभा भरवण्यासही पूर्वपरवानगी लागे, आणि जिल्ह्याचा अव्वल तालुकदार म्हणजे रयतेने शक्यतो टाळण्याचा इसम असे, तेथे सरकारकडे हक्काने काही मागावयाचे असते ही कल्पनाच मुळी उशिरा रुजली. वस्तुतः हैदराबाद राज्याने 1955 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, आणि स्वतंत्र भारतात मद्रासनंतरचा तो दुसरा कायदा होता. म्हणजे आमचे हिमायतनगर, जुन्या मंडळींच्या तोंडचे वाढोणा, 1956 साली मुंबई राज्यात दाखल झाले, ते असल्या कायद्याची ओळख घेऊनच. महाराष्ट्राने आपला कायदा केला तो पुढे 1967 साली.

आज तालुक्यातील खेड्यांत निधीची भाषा निराळीच ऐकू येते. 'पंचवीस-पंधरातून बसवू', 'तीस-चोपन्नला टाकू' असे पारावरची माणसे बोलतात. हे लेखाशीर्षांचे आकडे आहेत, पहिला ग्रामविकासाच्या मूलभूत कामांचा, दुसरा रस्त्यांचा. आणि ज्याला कोषागाराचे तोंड माहीत नाही असा शेतकरीही ते बिनचूक उच्चारतो, याचे मला कौतुक वाटते. तथापि, या विद्वत्तेचा परिणाम असा झाला आहे की गावाला काय हवे हे ठरवून निधी शोधण्याऐवजी कोणत्या शीर्षाखाली निधी आहे ते पाहून गावाची गरज ठरते, आणि अभ्यासिका हवी असलेल्या वस्तीत कुलूपबंद सभागृह उभे राहते.

वाचनालयाचा मार्ग त्या मानाने सरळ आहे. संस्था नोंदलेली हवी. मान्यतेचा प्रस्ताव जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे जातो. अ, ब, क, ड या वर्गांप्रमाणे कमाल मर्यादा ठरलेली असून तिच्या आत मान्य खर्चाच्या 90 टक्क्यांपर्यंत अनुदान, तेही दोन हप्त्यांत, मिळते. उरलेला वाटा गावाचा. शिवाय 1972 साली कलकत्त्यास स्थापन झालेल्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या समान आणि असमान निधीच्या योजना आहेतच, ज्यांतून ग्रंथ, कपाटे, इमारत यांकरिता साहाय्य होते. परंतु 2012 साली महसूल यंत्रणेने राज्यभर पडताळणी केली, तेव्हा कागदावर असलेली आणि जागेवर नसलेली वाचनालये उघडकीस आली, आणि त्यानंतर नव्या मान्यता कित्येक वर्षे स्थगित राहिल्या. लबाडांनी केलेल्या कर्माची सजा प्रामाणिकांनी भोगली, असे मी स्पष्टच म्हणतो.

एका वाचनालयाच्या चिटणिसांनी त्यांचे दप्तर मला उघडून दाखवले होते. दाखल नोंदवहीत प्रत्येक ग्रंथाचा अनुक्रमांक, किंमत, विक्रेत्याच्या बिलाचा क्रमांक. कार्यवृत्तात प्रत्येक ठरावाखाली सूचक-अनुमोदकांच्या सह्या. आणि वर्तमानपत्रांच्या टेबलावर दोरीने बांधलेल्या पेन्सिलीशेजारी वाचकांच्या स्वाक्षऱ्यांची वही, जिच्यात एका आजोबांचा थरथरता अंगठा रोज उमटलेला. अंगठेबहाद्दर वाचनालयात काय करतात, असे मी विचारताच चिटणीस म्हणाले, "नातवाकडून बातम्या वाचून घेतात, साहेब." तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने याच वहीवर हात ठेवला होता, असेही त्यांनी सांगितले. अनुदान मागणाऱ्या पुष्कळ संस्था प्रस्तावाच्या आदल्या रात्री कागद जमवू लागतात, आणि मग त्रुटींची पूर्तता करता करता आर्थिक वर्ष सरते. कागद आधी हवा, मागणी नंतर.

म्हणून ज्यांना यंदा आपल्या गल्लीत वा गावात काही उभारावयाचे आहे, त्यांनी आधी सर्वसाधारण सभेचा ठराव करावा, जागेचा नमुना नंबर 8 वा सातबारा काढून ठेवावा, मागील वर्षांचे हिशेब लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यावेत, अंदाजपत्रक ठेकेदाराच्या हातून न करता आपल्या गरजेवरून करावे, आणि हे सारे दिवाळीपूर्वी उरकावे. 31 मार्चच्या धांदलीत कोणाही कारकुनाला तुमची संचिका उलगडून पाहण्यास सवड नसते. प्रस्ताव दिल्यावर आवक क्रमांकासह पोच घेतल्यावाचून कचेरीच्या पायऱ्या उतरू नयेत.