फरशीवरचा गाळ

ऑगस्ट 2024 च्या पुरानंतर आमच्या कारेलीबागेत तळमजल्यावरच्या घरांत एकच काम चालू होतं, फावड्याने गाळ ओढून बाहेर काढायचं. पुतण्या वैतागून म्हणाला, "काका, ही एवढी माती येते तरी कुठून?" प्रश्न चांगला होता, म्हणून यावेळी त्यावरच लिहितो.

विश्वामित्री पावागडावर उगम पावते आणि ढाढरला मिळून खंभातच्या आखातात जाते. वाटेत ती गाळ आणते, पसरवते. आपलं वडोदरा अशाच साचलेल्या गाळावर उभं आहे. आपल्यापैकी अनेकांचं मूळ गाव सातारा-पुण्याकडचं. तिथे विहीर खणली की लवकरच काळा कातळ लागतो. इथे बोअरिंगवाल्याला विचारा. चिकणमाती, वाळू, कंकर, पुन्हा वाळू! कातळ आहे, पण खूप खाली. तोच सह्याद्रीचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पावागड म्हणजे त्याच ज्वालामुखी काळातला, वर राहिलेला 800 मीटरचा डोंगर.

मग झालं असं, की खंभातपासून उत्तरेला मेहसाण्यापलीकडे जाणारा एक लांबच लांब पट्टा दोन्ही बाजूंच्या भेगांमधून खचत गेला. कधी समुद्र आत आला, कधी नद्यांनी गाळ ओतला. वडोदरा या पट्ट्याच्या पूर्व काठाशी आहे. खंभातच्या बाजूला गाळाची जाडी काही किलोमीटर भरते. याच थरांत 1958 मध्ये लुणेजला तेल सापडलं, 1960 मध्ये अंकलेश्वरला, आणि 1965 मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली. आपल्यातल्या कितीतरी घरांच्या चुली तिच्या पगारावर पेटल्या. तेव्हा गाळाला नावं ठेवताना जरा जपून!

हे थर डोळ्यांनी बघायचे तर महीच्या काठी जा. नदीने कापलेले 30-40 मीटरचे उभे कडे आहेत, आणि त्यांच्या तळाचे थर लाखाहून अधिक वर्षांचे. कड्यांमागे पावसाने कोरलेल्या घळी, म्हणजे आपण म्हणतो ती कोतरं.

विश्वामित्रीलाही अशी कोतरं आहेत. (मगरी याच मऊ काठांत बिळं करतात.) पूर चढला की जादा पाणी आधी कोतरांत शिरायचं. त्यातली कितीतरी आपण भराव घालून बुजवली, वर सोसायट्या बांधल्या. सपाट मैदानात नदीला उतार जवळजवळ नाही, पाणी हळूहळू सरकतं. त्या ऑगस्टमध्ये 26 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ते 35 फुटांच्याही वर गेलं. कोतरं बुजलेली, मग ते आमच्या दिवाणखान्यात आलं.

पुतण्या आता फ्लॅट बघतोय. बिल्डरचा नकाशा नंतर बघ, म्हटलं त्याला. आधी त्या भागातल्या एखाद्या जुन्या काकांना विचार, इथे पूर्वी कोतर होतं का.