एक सेकंद, बॉस!

गेल्या डिसेंबरात अमरावतीहून अकोल्याला निघालो. गाडी मित्राची, नवीकोरी टर्बो-पेट्रोल एसयूव्ही. स्टिअरिंगवर अस्मादिक. २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते माना ७५ किलोमीटरची लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेसमध्ये गेलेला हाच तो हायवे. गाडी काय सुटली म्हणता! पण मूर्तिजापूरला मित्राच्या मावशीचा फोन आला, भरीत तयार आहे, आणि आम्ही दर्यापूरकडे वळलो.

दुपदरी रस्ता, पुढे कापसाने फुगलेला ट्रक. बराच वेळ त्याच्यामागे रखडल्यावर समोर मोकळं दिसलं. चौथ्याच गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला. गाडी ढिम्म. एक सेकंद गेला, आणि वळणावरून एसटी उगवली. नेमका तेव्हा टर्बो जागा झाला, पाठीत लाथ बसावी तसा! मी ब्रेक मारून परत ट्रकच्या मागे. दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग मित्र म्हणाला, "गाडीत फॉल्ट आहे बे."

संध्याकाळी अकोल्यात गॅरेज गाठलं. मेकॅनिकभाऊ हसले. "काई फॉल्ट नाई भाऊ. आरपीएम पाडून टर्बोले बोलावून रायले, तो कसा येईन?"

फंडा असा. जास्त ताकद हवी तर इंजिनात जास्त हवा कोंबायची, म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं. टर्बोचार्जर हे काम धुराकडून करून घेतो. सायलेन्सरकडे निघालेला गरम वायू एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा आत ढकलतं. वेग मिनिटाला लाखाच्या वर फेरे. पण धूरच कमी असेल तर चक्र आळसावतं. हाच तो टर्बो लॅग.

सुपरचार्जरला धुराशी देणंघेणं नाही. तो सहसा पट्ट्याने थेट इंजिनच्या क्रँकशाफ्टला जोडलेला. इंजिन फिरलं की तोही फिरला, पाय दाबताच उत्तर हजर. जुन्या मर्सिडीजच्या डिकीवर 'कॉम्प्रेसर' लिहिलेलं पाहिलंय? एसीचा नव्हे हो, हाच तो! २०१४ ची डॉज हेलकॅट याच्याच जोरावर ७०७ हॉर्सपॉवर काढायची. मग सगळ्यांनी तोच का नाही लावला? कारण तो फिरायला इंजिनचीच ताकद खातो, म्हणजे पेट्रोल खातो. टर्बो वाया जाणाऱ्या धुरावर भागवतो (अगदी फुकट नाही, धुराची वाट थोडी अडतेच). मायलेज आणि प्रदूषणाच्या नियमांपुढे सुपरचार्जर मागे पडला. फोक्सवॅगनने २००५ च्या गोल्फ जीटीमध्ये दोन्ही बसवले होते, खाली सुपरचार्जर, वर टर्बो. मला विचाराल तर सगळ्यात हुशार उत्तर तेच होतं, पण महागडं.

आपल्या बजेटात टर्बोच येणार. तेव्हा ओव्हरटेकआधी गिअर खाली घ्या, आरपीएम दोन हजारांच्या वर आणा आणि मगच बाहेर पडा. आणि अकोल्याच्या मे महिन्यात गाडी जरा मंद वाटली तर घाबरू नका, तापलेली हवा विरळ असते.

मेकॅनिकभाऊंनी आणखी एक सांगितलं. गाडी जोरात हाणून आलात तर लगेच बंद करू नका, तापलेल्या टर्बोतलं ऑइल जळतं. मित्र आता ढाब्यावर पोचला की मिनिटभर इंजिन चालू ठेवून स्टिअरिंगमागे बसून राहतो. मी तोवर चहा सांगून येतो.