सबळ पायांचा जमाखर्च

सबळ पाय धावतात ते दुर्बळ पायांना चालता यावे म्हणून, अशा आशयाचे ब्रीद मिरवणारा अमेरिकन फुटबॉलचा एक सामना अमेरिकेत गेली शंभर वर्षे खेळला जात आहे. आणि धर्मादायाच्या व्यवहारात इतके सुटसुटीत, इतके मनात ठसणारे, आणि क्षणभर थांबून विचार केला असता इतके अडचणीत टाकणारे ब्रीद दुसरे क्वचितच सापडेल. 26 डिसेंबर 1925 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या ईविंग फील्डवर हा सामना प्रथम झाला. देशाच्या पूर्व आणि पश्चिम भागांतील विद्यापीठांतून निवडलेले, महाविद्यालयीन कारकीर्द आटोपत आलेले उत्तमोत्तम खेळाडू दोन संघांत विभागून परस्परांशी झुंजावेत आणि त्यातून जमणारा पैसा अपंग बालकांच्या रुग्णालयांना मिळावा, एवढीच त्यामागील साधी योजना होती. ‘ईस्ट-वेस्ट श्राइन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सामन्याचा शंभरावा प्रयोग जानेवारी 2025 मध्ये टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे पार पडला. मधल्या काळात त्याने गावे पुष्कळ बदलली. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर मोठा जनसमुदाय जमवणे धोक्याचे ठरल्यामुळे 3 जानेवारी 1942 रोजी तो दूर न्यू ऑर्लिन्सला खेळवावा लागला, आणि महामारीमुळे 2021 साली तर तो झालाच नाही.

ज्यांनी हा उपक्रम आरंभिला ते श्राइनर्स म्हणजे फ्रीमेसन पंथातून 1872 साली न्यूयॉर्क येथे निघालेला एक बंधुसंघ. डोक्यावर गोंडेदार लाल तुर्की टोपी घालून मिरवणुका काढाव्यात, मेजवान्या झोडाव्यात आणि थट्टामस्करीत वेळ घालवावा, यापलीकडे आरंभी त्याचे उद्दिष्ट फारसे गंभीर नव्हते. 1920 साली पोर्टलंड येथे भरलेल्या वार्षिक सभेत संघाचे प्रमुख फ्रीलंड केंड्रिक यांनी, प्रत्येक सभासदाने दरसाल दोन डॉलर देऊन बालकांसाठी रुग्णालय उभारावे, असा ठराव मांडला तेव्हा तेथील खुशालचेंडू मंडळींत चलबिचल झाली, आणि ठराव बारगळतो की काय अशी वेळ आली. त्या प्रसंगी अटलांटाचे फॉरेस्ट अडेर उठले आणि पहाटे खिडकीखालून जाणाऱ्या एका वादकाने बुडबुड्यांविषयीचे एक लोकप्रिय गीत वाजवलेले आपण ऐकले, असे सांगून, आपणही आजवर नुसते बुडबुडेच उडवीत आलो नाही काय, असा प्रश्न त्यांनी सभेला केला. ठराव मंजूर झाला. 1922 साली लुइझियानातील श्रीव्हपोर्ट येथे पहिले रुग्णालय उघडले. तो काळ बालपक्षाघाताचा. लस यायला अजून तीन दशकांहून अधिक अवकाश होता. ज्यांच्या आईबापांची ऐपत नाही अशा मुलांवर तेथे विनामूल्य शस्त्रक्रिया होऊ लागल्या, आणि पुढे पोलिओ ओसरला तेव्हा त्याच संस्थेने भाजलेल्या आणि पाठीच्या कण्याला इजा झालेल्या मुलांसाठीही आपली दारे उघडली.

करमणुकीतून जमवलेल्या पैशाला दान म्हणावे काय, असा सोवळा आक्षेप अशा उपक्रमांवर घेतला जातो. मला तो मुळीच पटत नाही. तिकीट काढणारा मनुष्य सर्वस्वी निरपेक्ष नसतो हे खरे, परंतु निरपेक्ष दात्यांच्या प्रतीक्षेत रुग्णालये बांधावयाची म्हटले तर ती कधीच उभी राहणार नाहीत. 1921 साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी नट टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईच्या रंगभूमीवर ‘मानापमान’मध्ये एकत्र उभे राहिले, तेव्हा प्रेक्षक गाण्याच्या लोभाने आले की स्वराज्याच्या, याची चौकशी फंडाच्या चालकांनी केली नाही, आणि ते योग्यच झाले.

माझी हरकत निराळी आहे, आणि ती ब्रीदातील गृहीतकाविषयी आहे. सबळ आणि दुर्बळ हे जणू दोन कायमचे वर्ग असून एकाने दुसऱ्यावर उपकार करावयाचे आहेत, असे त्यात मानलेले दिसते. पण हा खेळ तर सबळाला दुर्बळ करण्याच्या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. 1905 पर्यंत मैदानावर इतके तरुण दगावू लागले होते की त्या वर्षी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन येथील मंडळींना व्हाइट हाउसमध्ये पाचारण करून खेळ सुधारण्याची तंबी द्यावी लागली. त्यानंतर नियम बदलले, शिरस्त्राणे आली, आणि अशा प्रदर्शनीय सामन्यांत बचाव करणाऱ्यांच्या काही आक्रमक डावपेचांना मनाई करण्याचा रिवाजही पडला. तरीही शंभर-सव्वाशे किलो वजनाचा गडी वेगाने अंगावर आला असता गुडघ्याचे स्नायुबंध ज्या नियमाने तुटतात, तो नियम कोणत्याही समितीच्या हातचा नाही. हाडे सांधणाऱ्या संस्थेने हाडे मोडणाऱ्या खेळातून पैसा उभा करावा, या विसंगतीकडे इतकी वर्षे कोणी फारसे लक्ष दिलेले नाही.

त्यातच हा सामना खेळाडूच्या आयुष्यात ज्या घडीला येतो ती घडी विलक्षण नाजूक असते. महाविद्यालयाचा हंगाम संपलेला असतो, म्हणजे तो आता विद्यापीठाच्या संघाचा उरलेला नसतो; व्यावसायिक संघांची निवड वसंत ऋतूत व्हावयाची असते, म्हणजे तो कोणाचा नोकरही झालेला नसतो. सामन्यापूर्वीच्या सरावाला व्यावसायिक संघांचे पारखी वह्या घेऊन बसतात आणि धर्मादायाचा मामला बघता बघता उमेदवारांच्या परीक्षेचे रूप घेतो. 1 जानेवारी 1935 रोजी पूर्वेच्या बाजूने खेळलेल्या जेराल्ड फोर्ड नामक मिशिगनच्या विद्यार्थ्याला डेट्रॉइट आणि ग्रीन बे येथील संघांनी बोलावणे धाडले. त्याने ते नाकारून येलची वाट धरली आणि कालांतराने तो राष्ट्राध्यक्ष झाला, ही गोष्ट आयोजक अभिमानाने सांगतात. 2000 साली येथे खेळलेल्या टॉम ब्रॅडीची निवड पुढे 199 व्या क्रमांकावर झाली, आणि 2022 साली येथून गेलेल्या ब्रॉक पर्डीची तर सर्वांत शेवटी, 262 व्या क्रमांकावर. दोघांनीही पुढे पारख्यांना तोंडघशी पाडले. परंतु सराव करताना ज्याचा पाय दुखावला आणि ज्याला नंतर कोणी विचारलेच नाही, अशा गड्याची गोष्ट कोणत्याही स्मरणिकेत छापली जात नाही. जिंकणारांची नावे उजळवण्यात काही गैर नाही, पण या सामन्यात सर्वांत मोलाची वस्तू पणाला लावणारा दाता कोण, असे विचाराल तर मी टोपीवाल्या सभासदाकडे किंवा तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाकडे बोट दाखवणार नाही.

दानाच्या हिशेबाविषयी हा बंधुसंघ पूर्वी एकदा अडचणीत आलेला आहे. 1986 साली ‘ऑर्लँडो सेंटिनेल’ या दैनिकाने त्याच्या सर्कशींचा जमाखर्च तपासला, तेव्हा लोकांच्या मनात रुग्णालयांशी जोडल्या गेलेल्या त्या उत्पन्नाचा अत्यल्प भागच प्रत्यक्षात मुलांपर्यंत पोहोचतो, असे उघड झाले. सर्कस वेगळी आणि हा सामना वेगळा हे मान्य. परंतु नाव एकाच संस्थेचे असल्यावर संशयाला खात्यांतील फरक कळत नाही. उलट बाजूही सांगितली पाहिजे. 2008 च्या आर्थिक पडझडीत संस्थेची ठेव आटली आणि पुढील वर्षी सहा रुग्णालये बंद करण्याची सूचना पुढे आली, तेव्हा सभासदांनी ती फेटाळून लावली आणि त्याऐवजी, ज्यांच्यापाशी विमा आहे त्यांच्याकडून तो स्वीकारण्याचा मार्ग पत्करला. अडचणीत आपल्या शिरस्त्याला मुरड घालण्याची तयारी असलेल्या संस्थेकडून थोडी अधिक अपेक्षा करण्यास हरकत नसावी.

2021 पासून अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावावर पैसा मिळवण्याची मुभा झाली आहे आणि 2025 च्या तडजोडीनंतर विद्यापीठे त्यांना थेट वाटाही देऊ शकतात. तेव्हा हौशी खेळाडूने केवळ मानाखातर घाम गाळावा ही जुनी समजूत आता टिकणारी नाही. दूरचित्रवाणीकडून आणि तिकिटांतून येणाऱ्या रकमेपैकी ठरावीक हिस्सा अगोदर बाजूला काढावा आणि या सामन्यात अथवा त्याच्या सरावात जायबंदी झालेल्याच्या उपचाराची, तो बरा होईपर्यंतची, लेखी तरतूद त्यातून करावी. सामन्याचा ताळेबंद दरसाल स्वतंत्र प्रसिद्ध व्हावा आणि त्यात रुग्णालयांच्या खात्याशेजारी हे दुसरे खातेही असावे. मुलांच्या घासातला घास खेळाडूंना का द्यावा, असे म्हणणारे निघतील. त्यांना 1920 च्या सभेत दोन डॉलरांसाठी झालेली कुरकुर दाखवता येईल. आणि ती रुग्णालये मुळात कशासाठी बांधली होती, हेही विचारता येईल.