करंजीची पोलिश मावसबहीण

आधी एक क्लिअर करते मंडळी, 'पिएरोगीज' म्हणायचं नाही. पोलिशमध्ये पिएरोगी हेच अनेकवचन, कारण एकावर कुणी थांबतच नाही! दिसायला थेट आपली करंजी, कडेची मुरडसुद्धा तशीच. फक्त ही बाई तळणीत नाही, उकळत्या पाण्यात उतरते. वर बटरमध्ये परतलेला कांदा. आहाहा!

पोलंडमध्ये तिचा खरा मान २४ डिसेंबरच्या रात्री, विगिलियाला. पहिली चांदणी दिसली की जेवण. परंपरेने १२ पदार्थ आणि मांस बंद, म्हणून सारणात आंबवलेला कोबी आणि रानातले मश्रूम. टेबलावर एक ताट जास्तीचं, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. (१९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्यात हजारो पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका-मुलं. तेव्हा ताट आपलं होतं.)

वर्षभर चालणारा प्रकार मात्र 'रुस्किए': बटाटा, ताजं आंबूस चीज, कांदा. नाव रशियाचं वाटतं, पण आहे रुथेनियाचं, म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेनकडचं. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि काही पोलिश हॉटेलांनी मेन्यूकार्डावर चक्क 'युक्रेनी पिएरोगी' लिहिलं. इतिहासाच्या दृष्टीने गरज नव्हती, बटाट्याचा काय दोष? पण सीमेवरून लाखो बायका-पोरं येत असताना 'रुस्किए' अशी ऑर्डर ओरडायला वेटरला जड गेलं असेल, तर मला ते पटतं. सारणात तसाही काडीचा फरक नाही. कांदा तेवढा जास्त मागा.